मुरुमाचा रस्ता

मला मोटार चालवता येत नाही. ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. कारण माणसाने उमेदीची सारी वर्षे रस्ते बांधण्यात घालवावी आणि त्याच रस्त्यावरून चार चाके हाकण्याची विद्या मात्र त्याला येऊ नये, हे ऐकणाऱ्याला एकतर खोटे वाटते किंवा केविलवाणे. पण आचाऱ्याला तरी पहिल्या पंक्तीला कुठे बसायला मिळते? आम्ही ओव्हरसियर मंडळी आधी सायकलीवरून हिंडलो, पुढे सरकारी जीपच्या मागच्या बाकावर बसलो, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या गाडीत त्याच्या शेजारी बसून ‘जरा सावकाश’ एवढेच म्हणायला शिकलो.

म्हणूनच पावसाळा सरता सरता मुलाने मला एका बाजूला घेऊन “बाबा, तुम्हीच सांगा त्याला. तुमचं ऐकतो तो,” असे म्हटले, तेव्हा मला थोडे हसू आले. प्रकरण नातवाचे होते. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यास बरा, प्रकृती उत्तम, व्यसन नाही. आणि एवढे सगळे चांगले असल्यावर काहीतरी निघायचेच, तसे हे निघाले होते. कोइमतूरला मोटारींची रॅली आहे, तिच्यात मित्राबरोबर भाग घेणार म्हणत होता.

रॅली म्हटले की आम्हा नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर कस्तुरचंद पार्क उभे राहते. झेंडे, भोंगे, ट्रकांतून आलेली माणसे आणि दुसऱ्या दिवशी मैदानभर पडलेले पुरीभाजीचे कागद. नातवाची रॅली निराळी. तिच्यात गाड्या एकमेकींच्या अंगाला अंग घासून धावत नाहीत. एकेक गाडी एकदोन मिनिटांच्या अंतराने सोडतात. मागच्याला पुढच्याची धूळ लागू नये हा हेतू. शर्यत समोरच्याशी नाही, घड्याळाशी. गोल धावपट्टी नाही की प्रेक्षकांची गॅलरी नाही. रानातला, मळ्यातला, नाहीतर माळावरचा एखादा कच्चा रस्ता काही तासांपुरता बंद करायचा आणि त्यावरून जीव मुठीत धरून जायचे. आपल्याकडे नाशिकलाही पूर्वी राष्ट्रीय मालिकेतली अशी रॅली भरलेली आहे. आणि गाडीत माणसे दोन. एक चालवतो, दुसरा वही वाचतो.

“वही?” मी विचारले.

“वहीच, आबाजी. मी वहीवाला.”

मग त्याने मला ती दाखवली. रॅलीच्या आधी त्याच रस्त्यावरून बेताच्या वेगाने जाऊन प्रत्येक वळण टिपून घ्यायचे असते. चालवणारा सांगतो, वहीवाला लिहितो. दुसऱ्या फेरीत तपासून पाहतात. वळणाला आकडे दिलेले. त्यांच्या हिशेबात एक म्हणजे अगदी काटकोनाच्या आतले, सहा म्हणजे नुसता बाक. दोन वळणांमधले अंतर मीटरमध्ये. उंचवटा, खोलगट भाग, आत येत जाणारे वळण, कडेचा दगड, या सगळ्यांना खुणा. शर्यतीच्या दिवशी दोघांच्या शिरस्त्राणांत बोलण्याची सोय असते आणि वहीवाला एक-दोन वळणे पुढचे वाचत राहतो: डावे चार, पन्नास, उंचवट्यावरून उजवे दोन, आतून कापू नको. हे सारे ते इंग्रजीतून बोलतात, मी आपल्यापुरते मराठी करून घेतले. चालवणाऱ्याला पुढचे वळण दिसत नसते. ते त्याने ऐकलेले असते, आणि ऐकल्यावर विश्वास ठेवून तो न दिसणाऱ्या ठिकाणी गाडी घालतो. वहीवाल्याची मान खाली. रस्ता त्याला बसल्या जागी कंबरेतून कळतो म्हणे.

मुलाने मला नातवाचे मन वळवायला पाठवले होते, आणि मी तिथे खुर्ची ओढून बसलो.

खरे सांगायचे तर मला रस वाटला तो रस्त्यात. आमच्या काळी मुरुमाचा रस्ता म्हणजे न झालेला रस्ता. वर गिट्टी पडेल, मग डांबर पडेल, आणि मग त्याला रस्ता म्हणायचे, असा आमचा जन्मभराचा क्रम. आता नागपुरात तर डांबरही मागे पडले. सिमेंटचे रस्ते झाले, आणि मे महिन्यात त्यांच्यावर रात्री दहालाही पापड भाजावा अशी ऊब असते. अशा दिवसांत जगभरातले लोक मुद्दाम मुरूम शोधत जातात, ही बातमी मला एखाद्या जुन्या सहकाऱ्याला पद्मश्री मिळाल्यासारखी वाटली. नातवाने त्याच्या फोनवर देशोदेशीचे रस्ते दाखवले. फिनलंडात १९५१ सालापासून अशी रॅली चालते. तिथली बारीक खडी अशी दाबून बसलेली की आमच्या रोलरवाल्याने पाहून मान डोलवावी; उंचवटे मात्र असे की गाडी हवेतून जाते. ग्रीसमध्ये नुसते दगडगोटे. केनियातली सफारी १९५३ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणानिमित्त सुरू झाली. तिथे लाल माती. कोरडी असली तर धूळ, भिजली तर चिखल. १९६३ साली तिथे ८४ गाड्या निघाल्या आणि ७ पोचल्या. १९६५ साली ती जिंकली केरिचो गावी जन्मलेल्या जोगिंदर सिंगने, आणि त्याच्या शेजारच्या जागेवर होता त्याचा सख्खा भाऊ जसवंत. पुढे १९७४ आणि १९७६ सालीही जोगिंदरनेच जिंकली. हा भाग नातवाने जरा मोठ्याने सांगितला. त्याचे वडील पलीकडच्या खोलीत होते.

आणखी एक गंमत त्याने सांगितली. कोरड्या मुरुमावर सर्वांत पुढे असणे तोट्याचे. पहिल्या गाडीच्या चाकांखाली सुटी गिट्टी सरकत राहते; ती बिचारी झाडू मारीत जाते आणि मागच्यांना साफ चाकोरी मिळते. मला आमचे मैलकुली आठवले.

मुलाची भीती मात्र खोटी नव्हती. २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय मालिकेतली रॅली चालू असताना त्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली. तिच्यावर नवरा, बायको आणि मुलगा होते. तिघेही गेले. मुलाने ती बातमी जपून ठेवली होती; ती त्याने माझ्यापुढे धरली. “गाडीतली माणसं वाचली, बाबा. पण उद्या हा वाचला आणि असं काही याच्या हातून झालं, तर हा जगेल कसा?”

याला माझ्याजवळ उत्तर होते. ते मी दिले नाही. सत्तावन्न वर्षे दिलेले नाही. त्याच्या आईलाही नाही.

१९६८ साली मी धुळे जिल्ह्यात होतो. १९६० साली विदर्भ महाराष्ट्रात आला आणि सहा वर्षांनी मी खानदेशात गेलो. दोन्ही बदल्या वरून झाल्या, आम्हाला कुणी विचारले नव्हते. त्या वर्षी लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’ने लंडन ते सिडनी अशी मोटारींची शर्यत काढली. पहिले बक्षीस १०,००० पौंड. २४ नोव्हेंबरला ९८ गाड्या लंडनहून सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, खैबरखिंड, दिल्ली, तिथून आग्रा रोडने मुंबई. मुंबईला गाड्या ‘चुसान’ बोटीत चढवायच्या आणि ऑस्ट्रेलियात उतरवून पर्थपासून सिडनीपर्यंत पुन्हा मुरूम, धूळ आणि कांगारू. शून्य मैलाचा दगड आमच्या नागपुरात, आणि दुनियेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघालेली माणसे नागपूरला वळसा घालून गेली! कोणी हे मनाला लावून घेऊ नये. मी घेतले होते. पण त्यांनी नागपूर सोडले तरी मला गाठले, असेही म्हणता येईल.

धुळ्याहून मालेगावकडे जाताना आग्रा रोडवरची एक मोरी त्या पावसाळ्यात खचली होती आणि तिचे काम माझ्याकडे होते. मुख्य रस्ता दोन्ही बाजूंनी तोडलेला, मध्ये दहा-बारा फूट खोल खड्डा, आणि शेजारून नाल्याच्या पात्रातून दोनेक फर्लांगांचा कच्चा वळणरस्ता. तो मी केला होता. खाली भराव, वर सहा इंच मुरूम, पाणी मारून रूळ फिरवलेला. बावीस वर्षांच्या ओव्हरसियरला स्वतःचा म्हणून मिळालेला तो पहिला रस्ता. भले तीन महिन्यांचा असो. रात्री दोन्ही टोकांना दोन-दोन लाल कंदील लावायचे, असा नियम. चारांपैकी दोघांच्या काचा फुटल्या होत्या. मागणी वर गेलेली, उत्तर यायचे होते. तेव्हा प्रत्येक टोकाला एकेक कंदील आणि दोन्हींना मिळून एक म्हातारा चौकीदार, अशी व्यवस्था चालू होती.

डिसेंबर नुकता लागला होता. गाड्या त्या रात्री येणार हे आजूबाजूच्या गावांना कसे कळले, देव जाणे. पण संध्याकाळपासून माणसे येऊन उत्तरेकडच्या टोकाला बसली होती. शेकोट्या, भाकऱ्या, पोरे खांद्यावर. मीही इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. लंडनहून निघालेली माणसे माझ्या मुरुमावरून जाणार होती! पण वळणाच्या तोंडाशी एकच कंदील. त्याच्या एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला खड्डा. नवख्या माणसाला कुठली बाजू कुठली हे कळायचे कसे? दोन कंदील असले म्हणजे दोन्ही कडा दिसतील, असा मी तर्क केला. तर्क बरोबर होता. मी चौकीदाराला दक्षिणेकडचा कंदील काढून आणायला सांगितले. तो म्हणाला, “तिकडं अंधार होईल, रावसाहेब.” मी म्हणालो, “तिकडून कोण येतंय आता?”

गाड्या आल्या. पहिल्यांदा दूरवर आभाळ उजळले, मग दिव्यांची एक रांगच अंगावर आली. वळणाशी इंजिनाचा आवाज एकदम बदलला, गाडी तिरकी झाली आणि तशीच तिरकी माझ्या दोन कंदिलांच्या मधून खाली उतरली. मुरुमाचा फवारा आमच्या अंगावर. वीसएक सेकंदांत तिने नाला ओलांडला आणि पलीकडे लाल ठिपके दिसेनासे झाले. पण एवढ्यात मला एक दिसले. चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवर कागद होते, कागदांवर बोटभर उजेडाचा दिवा होता, आणि इतके लोक ओरडत असताना त्याने मान वर केली नाही. दर गाडीत मी तो माणूस पाहिला. अकरापर्यंत मी गाड्या मोजल्या.

अकरावीनंतर मोठी खीळ पडली. लोक पांगू लागले. त्या शांततेत दक्षिणेकडून हाक ऐकू आली.

धुळ्याच्या बाजाराला निघालेली कापसाची बैलगाडी होती. गाडीवान गठ्ठ्यांवर आडवा झाला होता. सारेच होतात, बैलांना वाट ठाऊक असते. तेच झाले. बैलांना जुना रस्ता ठाऊक होता. कंदील दिसला असता तर ते बिचकून थांबले असते; इतक्या दिवसांत तेवढे ते शिकले होते. आम्ही पोचलो तेव्हा गाडी खड्ड्यात उलटलेली, कापूस सगळीकडे पांढरा पांढरा, गाडीवानाचा हात मोडलेला, आणि उजवीकडचा बैल पुढच्या दोन्ही पायांनी उठायला पाहत होता. तो सकाळपर्यंत जगला. बैल मरताना फार आवाज करीत नाही.

उजाडण्यापूर्वी मी स्वतः कंदील नेऊन दक्षिणेच्या टोकाला ठेवला. पंचनाम्यात ‘कंदील जागेवर होता’ असे आले, आणि त्याखाली माझी सही आहे. चौकीदार झोपला असावा, वात विझली असावी, असा शेरा पडला. हजेरीपटावरून त्याचे नाव कमी झाले. तो काही बोलला नाही. जायच्या दिवशी माझ्या खोलीवर आला, बिडीला काडी मागितली आणि गेला.

त्या शर्यतीचे पुढे काय झाले, ते मी धुळ्याच्या एस. टी. स्टँडवर वर्तमानपत्रात वाचले. ७२ गाड्या मुंबईला बोटीत चढल्या होत्या. १७ डिसेंबरला, सिडनी शंभर मैलांच्या आत राहिले असताना, लुसियाँ बियांकी आणि ओजिए यांची सिट्रोएन सर्वांच्या पुढे होती. ओजिए चालवीत होता, बियांकी शेजारी होता. समोरून एक मिनी आली. शर्यत तिथेच संपली; बियांकी गाडीत अडकून जबर जखमी झाला. मागून आलेल्या पॅडी हॉपकर्कने आपली ऑस्टिन थांबवून मदत मिळवली, आणि तरीही तो दुसरा आला. पहिला आला अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर घेऊन. स्टँडवरचे लोक कोण जिंकले ते बोलत होते. मी ‘समोरून’ हा शब्द वाचीत बसलो. ‘तिकडून कोण येतंय आता?’ या प्रश्नाचे उत्तर सिडनीजवळ निराळे नव्हते. पन्नास वर्षांनी बाडमेरलाही नव्हते.

तर नातवाचे मन वळवायचे होते. तो म्हणाला, “आबाजी, घरी बोलण्यापेक्षा एकदा येऊन तर पहा.” दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही काटोलकडे गेलो. त्याचा मित्र चालवायला, नातू शेजारी, मी मागे. मागचे बाक हा माझा हक्काच आहे. संत्र्यांच्या बागांतून जाणारी एक पांदण त्यांनी सरावाला धरली होती. सराव म्हणजे धावणे नव्हे. बैलगाडीहून जरा बरा एवढाच वेग आणि वही लिहिणे. पांदण सुरेख होती. वर तांबूस मुरूम, खाली काळी माती, आणि ओल अजून आत होती. तो मित्र सांगत होता, नातू लिहीत होता, आणि पाचव्या-सहाव्या वळणानंतर मला राहवले नाही.

“या वळणाला काय दिलंस?”

“डावं पाच.”

“चार दे. मुरूम नवा आहे इथं, आतल्या बाजूला दाब नाही. पाणी कुठून गेलं ते बघ.”

दोघांनी खाली उतरून पाहिले. टाचेने उकरल्यावर मुरूम भुसभुशीत निघाला. नातवाने पाचाचा चार केला. मग मी थांबलोच नाही. कुठे काळी माती वर येऊन निसरडे होईल, कुठे कडेचे गवत म्हणजे कड नव्हे, कुठे चाकोरी खोल पडून गाडीचे पोट घासेल, मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. मुलाने मला कशासाठी पाठवले होते, हे मी अर्धा-पाऊण तास पार विसरून गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

पांदणीला डावीकडून एक गाडीवाट येऊन मिळत होती. तिथून एक माणूस सायकलीच्या मागे वैरणीचा भारा बांधून आला; आम्ही थांबलो, तो पुढे गेला. मी विचारले, “याचं काय लिहिणार?”

“याचं लिहीत नाहीत, आबाजी. रॅलीच्या दिवशी प्रत्येक फाट्यावर माणूस उभा असतो. पट्ट्या बांधतात, गावात आधी सांगून ठेवतात. पहिल्या गाडीच्या आधी एक गाडी सगळा रस्ता फिरून पाहते, रस्ता मोकळा आहे की नाही ते. तिला झीरो कार म्हणतात.”

“फाट्यावरचा माणूस झोपला तर?”

“नाही झोपत.”

“आणि झोपलेला नसला, त्याला कुणी दुसरीकडे बोलावून नेलं असलं तर?”

त्याने मागे वळून पाहिले. गाडी उभीच होती. मग मी त्याला धुळ्याची ती रात्र सांगितली. सगळी सांगितली, कंदील परत ठेवला तेसुद्धा आणि सही केली तेसुद्धा. त्याच्या मित्रासमोर सांगितली, याचे मला नंतर नवल वाटले. सांगताना मला वाटत होते की तो म्हणेल, जाऊ द्या आबाजी, फार दिवस झाले. तसे तो म्हणाला नाही, आणि त्याबद्दल मला तो आवडला.

“त्या चौकीदाराचं पुढं काय झालं?” त्याने विचारले.

“मी शोधलं नाही.”

तो काही वेळ वहीकडे पाहत राहिला. मग मित्राला म्हणाला, “मागे घे. पुन्हा पहिल्यापासून करू.” आम्ही पांदणीच्या तोंडाशी परत गेलो आणि सगळे दुसऱ्यांदा केले. या वेळी प्रत्येक गाडीवाट, प्रत्येक पायवाट, विहिरीकडे जाणारी वाटसुद्धा, तो वहीच्या समासात टिपत गेला. मित्र कंटाळला होता. “हे कुठं वाचशील रे धावताना? याला वेळ कोणाजवळ आहे?” नातू म्हणाला, “वाचणार नाही. पण मला माहीत तर पाहिजे ना.”

परत येताना ऊन उतरले होते. कळमेश्वरला चहा घेतला. नागपूर जवळ आले तसा सिमेंटचा रस्ता लागला आणि गाडीचा आवाज एकदम बंद झाल्यासारखा वाटला.

घरी मुलगा वाटच पाहत होता. नातू हातपाय धुवायला आत गेला तसा तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सांगितलंत का त्याला?”

“सांगितलं.”

“मग? काय म्हणाला?”

“लिहून घेतलं म्हणाला.”

मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. मी बूट काढले. त्यांच्या तळाला काटोलकडचा तांबूस मुरूम चिकटला होता. तो झाडायला मी मागच्या अंगणात गेलो.